मावशीचं इरजण

पडेगाव
११ फेब्रुवारी २०२४

आमू,

जयभीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायचं का नाही, ते पत्र वाचून झाल्यावर तू ठरव.

माझा नंबर तू ब्लॉक केलास. तुझ्या मालकांना, बन्सीरावांना, लावला तर ते "ती शेळ्यांकडं गेलीय" म्हणतात. पाच वर्षं झाली, तू शेळ्यांकडंच आहेस. म्हणून पत्र लिहायला बसले. फोन कापायला एक बोट पुरतं, पत्र फाडायला आधी हातात तरी धरावं लागतं. आणि बहीण म्हणून एवढं तर मला माहीत आहे की पाकीट दिसलं की तुला ते फोडल्याशिवाय राहवत नाही.

सम्यक आजारी आहे. बारा वर्षांचं पोरगं, दिवसातून दहा-बारा वेळा संडासात जातं आणि रक्त पडतं. मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्यात. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. दीड वर्ष होत आलं. गावात तुझ्या कानावर गेलं असेलच, पण 'रूपीच्या पोराला मूळव्याध झालीय' असं गेलं असेल, कारण तिकडं त्या जागेचं कुठलंही दुखणं म्हणजे मूळव्याधच.

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालंय. हातपाय काड्या आणि तोंड तेवढं भरलेलं. बायका म्हणतात, तब्येत सुधारली की हो पोराची. लाइटबिलाच्या खिडकीत बसून मी दिवसभर लोकांच्या शिव्या खाते, कुणाला उलट बोलत नाही. पण या एका वाक्यावरून सोसायटीतल्या दोघींशी माझं बोलणं बंद आहे. मागच्या महिन्यात त्याला वर्गातच त्रास झाला. बाकावर. तेव्हापासून तो शाळेत जात नाही आणि मीही जा म्हणत नाही.

डॉ. मृण्मयी देऊळगावकर म्हणून लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टर आहेत, त्यांचं औषध चालू आहे. वयानं तुझ्याएवढ्या असतील, बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, गोळ्यांचा उपयोग कमी होत चाललाय. यापुढं एक तर लई भारी इंजेक्शनं, तीही लागू पडली नाहीत तर आतडं काढायचं आणि पोटाला पिशवी लावायची. त्याच्या आधी एक नवीन गोष्ट करून बघू म्हणतात. ती लिहायला जरा अवघड आहे. पुढं कधी तरी.

पत्र लिहिताना सारखं होस्टेल आठवतंय. सत्त्याण्णव साल, मी अकरावीला, तू तिसरीत. मी आंतरदेशीय पत्र टाकायचे, पोस्टमन ते कडुबाच्या किराणा दुकानात ठेवायचा, आणि तू पळत जाऊन आणायचीस. माय चुलीपुढं बसलेली, तू उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचणार. मी लिहायचे, मला इथं करमत नाही, जेवण जात नाही, मला घेऊन जा. तू तेवढं गाळून थेट 'बाकी सर्व ठीक' वर उडी मारायचीस. दिवाळीला घरी आले तर माय म्हणाली, "लई मजा हाय म्हनं तिथं?" मी तुझ्याकडं बघितलं, तू भाकरीत तोंड खुपसलेलं. नंतर म्हणालीस, "माय रडत बसली आसती, मंग सयपाक कोन करनार व्हतं?"

तू गाळलंस म्हणून मी शिकले, असं सम्यकच्या पप्पांना मी नेहमी सांगते. तुला कधी सांगितलं नव्हतं.

रूपा

---

३ मार्च २०२४

आमू,

पत्र मिळालंय तुला. दुकानात पाकीट नाही, घंटाभरात आमू घेऊन गेली, असं कडुबानं फोनवर सांगितलं. उत्तर नाही दिलंस. ठीक आहे.

मागच्या वेळी जे लिहिलं नाही ते आता लिहिते, कारण थांबायला वेळ उरला नाही.

माणसाच्या आतड्यात चांगले जंतू असतात, करोडोंनी. सम्यकच्या आतड्यातली ती वस्ती बिघडलीय. ती परत वसवायची, तर निरोगी माणसाच्या पोटातून जंतू आणावे लागतात. आणि ते मिळतात त्याच्या शौचातून. हसू नकोस. मीही डॉक्टरांच्या तोंडाकडं बघतच राहिले होते. शौच घेतात, लॅबमध्ये मिठाच्या पाण्यात घोळतात, गाळतात, आणि पहिल्यांदा दुर्बिणीनं आतड्यात सोडतात, मग दर आठवड्याला एनिमानं. दवाखान्याच्या समितीची परवानगी घेतलीय. लागू पडेलच असं कुणी सांगत नाही. काही पोरांना पडतं, काहींना नाही.

खरी अडचण देणाऱ्याची आहे. मला शुगर, म्हणून मला दारातूनच परत पाठवलं. सम्यकच्या पप्पांचं रक्त, शौच सगळं तपासलं आणि सगळं चांगलं आलं. गडी असा खूश झाला की घरात शीळ घालत फिरायचा. आणि मग त्याची दाढ दुखली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेला, "नेहमीच्या द्या" म्हणाला आणि गोळ्या खाऊन मोकळा झाला. अँटिबायोटिक होत्या. तसल्या गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मरतात, म्हणून आता तीन महिने त्याचं चालत नाही. डॉक्टरांनी नुसतं पेनाला टोपण लावलं. रिक्षात बसल्यावर हा माणूस माझ्याशेजारी रडला, आमू.

मग दीर झाला, दिराचा पोरगा झाला, माझ्या ऑफिसातले दोघं झाले. कुणी सर्दीला घेतलेली, कुणी तापाला, कुणी नुसतं अंग कसकसतंय म्हणून. सगळे न विचारता गोळ्या खातात आणि सगळ्यांना ते औषध वाटत नाही, चहासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाल्या, "गोळी न खाणारं माणूस तुमच्या नात्यात कुणीच नाही का?"

मला तू आठवलीस. मलेरियावाला आला की कणगीमागं लपणारी. माय नाक दाबून गोळी घालायची, तू ती गालात धरून अंगणात थुंकायचीस आणि कोंबड्या ती टिपायला धावायच्या. बाळंतपणातल्या लोहाच्या गोळ्या तू शेळीच्या आंबोणात टाकल्यास, हे मायनंच मला सांगितलं होतं. वर म्हणाली होती, "शेळी लई धष्टपुष्ट झाली बग."

आता त्या दुसऱ्या गोष्टीचं. माय गेल्यावर तिच्या जलदानाच्या विधीला, भन्तेजी बसलेले असताना, सगळ्या भावकीसमोर तू म्हणालीस की रूपीच्या घरचं पाणी यापुढं पिणार नाही. आणि तशीच कोरड्या तोंडानं उठून गेलीस. तुझं म्हणणं, मी मायला तिच्या मर्जीविरुद्ध शहरात आणलं, चौथ्या मजल्यावर कोंडलं, आणि मेल्यावरही गावी नेलं नाही, तुला तोंड बघू दिलं नाही. माझं म्हणणं, एकोणीसच्या उन्हाळ्यात तुमच्याकडं टँकर आठवड्याला एक येत होता आणि माय उठून बसू शकत नव्हती. मे महिना होता, तुझा फोन लागत नव्हता, मायला तशी ठेवून किती वेळ थांबणार होते मी? तेव्हाही हेच म्हणाले, आजही हेच म्हणते.

हे भांडण आहे तसं राहू दे. मी त्याला हात लावत नाही. माझ्या घरी येऊ नकोस, पाणी पिऊ नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. फक्त दवाखान्यात ये आणि त्यांना तपासू दे. मी पोरासाठी मागतेय.

रूपा

---

२४ मार्च २०२४

आमू,

आलीस.

बन्सीरावांच्या गाडीवरून उतरलीस तेव्हा मी पायरीवरच होते. तू माझ्या अंगावरून अशी गेलीस की जशी मी दवाखान्याची कुंडी आहे. रागावले नाही मी. चालणं तसंच आहे तुझं, टाच आपटत. मी पाण्याची बाटली पुढं केली, तू पिशवीतून स्वतःची काढलीस. तेही बरोबर आहे. मीच तसं लिहून दिलं होतं.

नर्सबाई तुला समजावून सांगत होत्या, जंतू, आतडं, वस्ती, आणि तू मान हलवत होतीस. मग म्हणालीस, "म्हंजे इरजनच की. दूध नासलंय, चांगल्या घरचं इरजन लावायचं." नर्सबाईंना ते इतकं आवडलं की आता तिथं सगळे तुला इरजणवाली मावशी म्हणतात. डॉक्टरसुद्धा परवा म्हणाल्या, "मावशीचं इरजण तपासून आलंय, सगळे रिपोर्ट छान आहेत." मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. मला आवरलंच नाही.

मायचं इरजण आठवलं. ते काळं बुटकं गाडगं, शिंकाळ्यात टांगलेलं. दिवेलागण झाली की ती कुणाला चमचाभर विरजण द्यायची नाही, मग दारात कुणीही येवो. सकाळी ये म्हणायची. आणि बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायची, तेव्हा ती लग्न होऊन नुकतीच आलेली. आळीत कुणाकडंच दूध राहिलं नाही, घराघरातलं विरजण मेलं. पुढं पाऊसपाणी झाल्यावर पलीकडच्या वस्तीवर आवडाबाईची म्हैस व्याली, तिकडून वाटीभर दही आणलं आणि त्या एका वाटीतून आळीतल्या प्रत्येक घरात पुन्हा दही लागलं. माय म्हणायची, "आपल्या घरात जे दही हाय ते आवडाबाईचं हाय, इसरू नका." आपल्याला त्याचं काय. आपण दोघी एका जर्मनच्या ताटात बसायचो आणि दह्यावरची साय कुणाची यावरून ताट ओढायचो.

ते विरजण तुझ्याकडं अजून आहे का? माझ्याकडं मायनं आणलेलं होतं. ती गेल्यावर त्या गडबडीत फ्रीजमध्ये राहिलं आणि वाया गेलं. आता पिशवीतलं दही आणते.

सम्यकला कुणाचं मिळणार हे सांगितलं. आधी तोंड वेडंवाकडं केलं, पोरगंच आहे. मग म्हणाला, "मम्मी, मावशी चिंचेच्या शेंड्यापर्यंत चढते ना अजून?" चढते म्हणाले. खरं-खोटं मला माहीत नाही.

रूपा

---

१४ एप्रिल २०२४

आमू,

जयंतीचा जयभीम. खालून डीजेचा आवाज येतोय, काचा हलतायत. आपल्या गावची जयंती आठवते. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, आणि समाजमंदिराच्या मागं खिरीची कढई. तू खीर वाढणाऱ्याच्या मागं मागं फिरायचीस आणि तीन वेळा ओळीत बसायचीस, वेणी बदलून.

दुर्बिणीतून सोडलं तो दिवस आणि त्यानंतरचे शुक्रवार तुला माहीत आहेत. जे माहीत नाही ते लिहिते. एनिमा दिल्यावर सम्यकला डाव्या कुशीवर पडून तो धरून ठेवायचा असतो, तास-तासभर. पहिल्या वेळी त्याला जमेना, घामाघूम झाला, म्हणाला, "जातंय मम्मी, मावशीचं वाया जाईल." मी त्याला गोष्टी सांगत बसले. तुझ्याच सांगितल्या, दुसऱ्या कुठून आणणार.

झिऱ्याची सांगितली. उन्हाळ्यात सुखना नदी आटली की माय आपल्याला पात्रात घेऊन जायची. वाळूत हातानं उकरायचं, ओंजळभर खोल गेलं की ओल लागायची, मग थोडं थांबायचं. पाणी आपोआप वर यायचं, आधी गढूळ, मग नितळ. वाटीनं भरायचं, फडक्यातून घागरीत ओतायचं. माय भरायच्या आधी पहिली वाटी तुला द्यायची, कारण तू धाकटी. त्यावर मी लई जळायचे. सम्यक म्हणाला, मला तो झिरा बघायचाय. आता काय दाखवू त्याला? तिथं पुलाखालून कारखान्याच्या फेसाचं पाणी जातं. आपला मळा गेला तिथं गोडाऊन उभं आहे आणि शेंद्र्याच्या फाट्यावर पोरं मोबाइलवर जेवण मागवतात. मी तिथून जाते तेव्हा आपली बोर कुठं होती ते गेटवरून मोजायचा प्रयत्न करते, जमत नाही.

दुसरी गोष्ट टमरेलाची सांगितली. पहाटे आपण दोघी टमरेल घेऊन नाल्याकडं जायचो आणि तू कायम पुढं पळायचीस, "आक्का, चल की, मला घाई हाय." मी म्हणाले, तुझी मावशी तेव्हापासूनच वेळेची पक्की. तो इतका हसला की एनिमा निसटता निसटता राहिला. नर्सबाई पण म्हणतात, तुमची बहीण आली की आम्ही घड्याळ लावून घेतो.

आमू, रक्त कमी झालंय. बंद नाही, कमी. दहा-बाराचं पाच-सहावर आलंय. डॉक्टर म्हणतात, इतक्यात नाचू नका. मी नाचत नाही. पण काल त्यानं अर्धी भाकरी मागून घेतली.

एकच धास्ती आहे. टँकरच्या पाण्यानं गावागावांत जुलाब सुरू झालेत म्हणतात. तुझं पोट बिघडलं तर सगळंच थांबेल. पाणी उकळून पी. माझं नको पिऊस, पण तुझंही उकळल्याशिवाय पिऊ नकोस. लग्नात जेवू नकोस. एवढं ऐक.

आमच्याकडचंही सांगते. बिल्डरनं गॅलरीतून दौलताबादचा किल्ला दाखवून फ्लॅट विकला, नळ दाखवायचा राहिला. आठव्या दिवशी पाणी येतं, तेही करंगळीएवढं. तरी दर शुक्रवारी तुझ्यासाठी एक बाटली भरून आणते. तू घेत नाहीस. घरी आल्यावर ती कढीपत्त्याला ओतते. कढीपत्ता चांगला फुटलाय.

रूपा

---

६ मे २०२४

आम्रपाली,

शुक्रवारी तू आली नाहीस. सकाळी सातपासून आम्ही बाकड्यावर बसलेलो. सम्यक दर पाच मिनिटाला गेटपर्यंत जाऊन येत होता. दहा वाजता नर्सबाई म्हणाल्या, आज मावशी येणार नाहीत. का, तर म्हणे ते सांगता येत नाही.

मला सांगता येतं. तुला वाटलं असेल, झालं तेवढं पुष्कळ झालं. आता रूपीला कळू दे, एखाद्यासाठी ताटकळत बसणं काय असतं. मायला गावी आणतील म्हणून तेव्हा तू वाट बघत बसली होतीस, आता मी बसले. फिटलं ना? पण माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचा. त्या पोरानं तुझं काय खाल्लं? महिनाभर चढलेलं सगळं आता उतरलं तर ते कुणाच्या नावावर लावू?

दवाखान्यात मागच्या वेळचं थोडं गोठवून ठेवलेलं होतं, त्यावर भागवलं. तुझ्या भरवशावर नव्हते ते लोक, बरं झालं.

मी बाटली आणली होती. तिथल्याच बेसिनमध्ये ओतून दिली.

रूपा

---

९ मे २०२४

आमू,

सोमवारचं पत्र आलं असेल तर चुलीत घाल. आलं नसेल तर आल्यावर घाल. वाचलं असशील तर पुढचं वाच.

आज बन्सीराव माझ्या खिडकीवर आले. बिल भरायचं निमित्त. मागं दहा माणसांची रांग, आणि हे जाळीला तोंड लावून हळू आवाजात मला सांगतायत. "ताई, टँकरच्या पान्यानं सगळी आळी आडवी झाली. आमच्या घरात उकळूनच चाललं व्हतं. पन बुधवारी ही शेळ्यांमागं गेली, ऊन लई, शेतातल्या माठातलं पेली. गुरुवारी दोनदा जुलाब झाले. झाले ते झाले, हिनं पयला फोन डाक्टरीनबाईला लावला. म्हनली, माझं पोट बिघडलंय, उद्या माझं घेऊ नका, लेकराला बाधल." आशाताई गोळ्या घेऊन आल्या तर त्यांनाही म्हणालीस, "गोळी घेतली की माझं इरजन मरतंय, मला मीठ-साखरेचं पानीच द्या." आशाताईंना वाटलं, तापात बडबडतेय.

मग बन्सीराव म्हणाले, "ताई, पोट दुखल्याचं तिला काय नाय. शुक्रवार चुकला म्हनून रडली. जेवली नाय."

मागचा माणूस ओरडत होता, मॅडम, घरच्या गप्पा घरी मारा. मी खिडकी बंद केली आणि आत जाऊन तोंड धुतलं. आमू, मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू. देणाऱ्याच्या तब्येतीचं घरच्यांना सांगायचं नाही असा दवाखान्याचा नियम आहे, हे मला माहीत होतं. मी तुझ्याबद्दल दुसरं काही धरूनच चालले नाही, हे वाईट.

बन्सीरावांच्या गाडीला पाण्याचा जार बांधून दिलाय. तो माझ्या घरचा नाही, ऑफिसपुढच्या दुकानातला आहे, पावती वर चिकटवलीय. त्यात तुझी शपथ मोडत नाही. जुलाबानं अंगातलं पाणी जातं, म्हणून पी. तू बरी झालीस आणि पुन्हा तपासून चांगली निघालीस तर परत ये. नाही निघालीस तरी ये. सम्यकला तू नुसती बघायला हवी आहेस.

मलाही.

रूपा

---

७ जुलै २०२४

आमू,

हे पत्र पोस्टात पडायचं नाही. तू आतल्या खोलीत झोपली आहेस. दुपारचे तीन वाजलेत, पंखा फुल्ल आहे, आणि तू मायसारखी तोंड उघडं टाकून घोरतेस. सम्यक शेजारी बसून चित्र काढतोय आणि मध्येच तुझ्या नाकाजवळ हात धरून बघतोय.

बोलायला तोंड आहे, पण पाच वर्षांत तोंडानं काही जमलं नाही, पत्रानं जमलं. म्हणून हेही लिहूनच देते.

तू पुन्हा तपासून चांगली निघालीस, शुक्रवार परत चालू झाले, आणि परवाच्या दुर्बिणीत आतल्या जखमा भरत आलेल्या दिसल्या. रक्त बंद आहे. स्टिरॉइड जवळजवळ सुटलं, तोंड परत लांबट झालंय, त्याच्या पप्पांसारखं. डॉक्टर म्हणतात, बरा झाला म्हणू नका, शांत झाला म्हणा. पुन्हा उसळू शकतं, पुन्हा इरजण लागू शकतं. मी म्हणाले, बहीण आहे माझी. एवढं बोलून मलाच आश्चर्य वाटलं.

तुला त्यानंच बोलावलं हे मला माहीत नव्हतं. पप्पांच्या फोनवरून लावला म्हणे, तो नंबर तू ब्लॉक केलेला नाहीस. बेल वाजली, दार उघडलं तर तू. लिफ्ट बंद, चार जिने चढून आलेली, पदरानं तोंड पुसत, हातात ते काळं बुटकं गाडगं, तोंडाला फडकं बांधलेलं. माझ्याकडं बघितलं नाहीस. सम्यकला म्हणालीस, "डाक्टरीनबाई म्हनल्या, आता दही चालतंय तुला. आवडाबाईचं हाय, सांभाळून ठीव." आणि भिंतीला टेकून खाली बसलीस.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात काय करत होते ते तुला बाहेरून दिसलं नाही. माठातून तांब्या भरला. दारापर्यंत आले. परत गेले, माठात ओतला. पुन्हा भरला. तुला पाणी विचारायचं माझं धाडस होईना. दवाखान्यात तू नाही घेतलंस तर मी बाटली पिशवीत टाकायचे, पण माझ्या घरात, मायनं शेवटचं पाणी जिथं मागितलं त्या घरात, तू नाही म्हणाली असतीस तर मी ते कुठं ठेवलं असतं? म्हणून भांडी वाजवत राहिले. उगाच धुतलेली कढई पुन्हा धुतली.

आणि मग बाहेरून तुझा आवाज आला. पाच वर्षांनी, माझ्याशी.

"आक्का, नळ आठ दिसानं येतो म्हनून पाव्हन्याला पानी बी इचारायचं नाय व्हय?"

तू तांब्या वर धरून प्यायलीस, ओठ न लावता, घटाघटा, पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं आणि पोलकं भिजलं. रिकामा तांब्या पुढं करून म्हणालीस, "आजून." मी दुसरा आणला. तोही प्यायलीस. सम्यक आपल्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होता, त्याला वाटलं मावशीला ऊन लागलंय. मग तू म्हणालीस, "मायला बी ह्याच माठातलं दिलंस?" मी हो म्हणाले. तू म्हणालीस, "गार हाय." बास. एवढंच बोललीस आणि आत जाऊन आडवी झालीस.

नळ परवा येईल. माठात अजून चार तांबे आहेत, पिंपात थोडं आहे. उठलीस की चहा टाकते. गाडग्यातलं चमचाभर मी दुधाला लावून ठेवलंय, दिवेलागणीच्या आधीच लावलंय, मायचा नियम मोडलेला नाही.

सम्यक विचारतोय मी काय लिहितेय. त्याला म्हणाले, मावशी उठली की ती वाचून दाखवेल, तिला पहिल्यापासून सवय आहे. तेव्हा बाहेर ये, उंबऱ्यावर बस आणि मोठ्यानं वाच. आणि आमू, या वेळी मधलं काही गाळू नकोस.

सप्रेम जयभीम.

रूपा